पुणं नेमकं कुठल्या हवामान प्रदेशात येतं? मोबाइलवर साध्या सांख्यिकीने शोधा

पुण्याहून लोकल पकडून लोणावळ्याला जा. अंतर साधारण ६५ किलोमीटर. तिथे वर्षाला सरासरी ४,००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. पुण्यात शिवाजीनगरला पडतो सुमारे ७५० मिमी. आता उलट्या दिशेला, सोलापूरला जा. अंतर अडीचशे किलोमीटर, पण वर्षाचा पाऊस जवळपास पुण्याइतकाच!

मग पुणं आणि सोलापूर एकाच हवामान प्रदेशात आहेत का? पुणेकर लगेच ‘नाही’ म्हणेल, सोलापूरकर तर हसेलच. पण ‘नाही’ म्हणायला आधार काय? आकडे दाखवता येतील का?

येतील. त्यासाठी दहावीच्या गणितात शिकलेले मध्य, मध्यक आणि थोडी टक्केवारी पुरते. गणिताच्या पुस्तकात सांख्यिकी असते, भूगोलाच्या पुस्तकात हवामान असतं आणि दोघांची गाठ क्वचितच पडते. या लेखात ती पाडून देऊ. विद्यार्थ्यांना प्रोजेक्टसाठी उपयोग होईल, शिक्षकांना एका तासिकेसाठी. लागणारी साधनं फक्त दोन: मोबाइल आणि गूगल शीट्स.

## आधी एक फरक: हवा आणि हवामान

आज दुपारी पाऊस पडला, ही झाली हवा. पुण्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस पडतो, हे झालं हवामान. हवा रोज बदलते. हवामान म्हणजे अनेक वर्षांच्या हवेचा काढलेला सारांश.

सारांश काढायचा म्हटलं की सांख्यिकी आलीच. म्हणजे ‘हवामान प्रदेश’ ही डोंगर-नदीसारखी डोळ्यांना दिसणारी गोष्ट नाही. ती आकडेमोडीतून ठरते. नकाशात दोन रंगांच्या मधे जी रेषा असते, ती कुणीतरी गणित करून ओढलेली असते. आपण आज तेच गणित करणार आहोत.

अनेक वर्षं म्हणजे किती? जागतिक हवामान संघटनेच्या पद्धतीनुसार ३० वर्षं. सध्या १९९१ ते २०२० हा काळ प्रमाण मानला जातो. ३० वर्षं घेतली की एखादं दुष्काळी किंवा अतिवृष्टीचं वर्ष सगळा हिशेब बिघडवू शकत नाही.

## आकडे कुठून घ्यायचे?

या बाबतीत पुणेकर नशीबवान आहेत. शिवाजीनगरचा ‘सिमला ऑफिस’ चौक माहीत असेलच. हे नाव कुठून आलं? भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली. त्याचं मुख्यालय काही काळ सिमल्यात होतं आणि १९२८ मध्ये ते पुण्यात आलं. सिमल्याहून आलेलं ऑफिस म्हणून ‘सिमला ऑफिस’! पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, पण देशभरच्या हवामान नोंदी सांभाळण्याचं मोठं काम आजही पुण्यातूनच चालतं.

आकडे मिळण्याच्या जागा:

- हवामान विभागाचे क्लायमेटॉलॉजिकल टेबल्स: प्रत्येक वेधशाळेची महिन्यानुसार ३० वर्षांची सरासरी. आपल्या कामाला हेच सगळ्यात चांगले.
- हवामान विभाग, पुणे यांचा ग्रिड डेटा: देशाचे लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाचा रोजचा पाऊस दिलेला असतो. नोंदी १९०१ पासून आहेत. थोडं कोडिंग येत असेल तर जरूर बघा.
- महारेन: राज्याच्या कृषी विभागाचं पोर्टल. महसूल मंडळानुसार रोजचा पाऊस मिळतो. गावाकडच्या प्रोजेक्टसाठी उत्तम.
- मौसम ॲप: हवामान विभागाचं ॲप. आजची हवा आणि अंदाज बघायला ठीक, ३० वर्षांच्या सरासरीसाठी नाही.

फोनमध्ये आधीपासून असलेल्या वेदर ॲपचा आकडा मात्र प्रोजेक्टमध्ये टाकू नका. बऱ्याचदा तो कुठल्या पर्जन्यमापकाने मोजलेला नसतो, कॉम्प्युटर मॉडेलने एका मोठ्या चौकोनासाठी काढलेला असतो.

## पायरी १: आकडे भरा, मध्य काढा

शीट्समध्ये नवीन फाइल उघडा. पहिल्या रांगेत महिने, दुसऱ्या रांगेत पुण्याचा पाऊस, तिसऱ्या रांगेत सोलापूरचा. खालचे आकडे सरावासाठी ढोबळ आणि पूर्णांकात दिले आहेत. प्रोजेक्ट सादर करताना हवामान विभागाच्या तक्त्यातले अचूक आकडे घ्या.

| महिना | पुणे (मिमी) | सोलापूर (मिमी) |
|---|---|---|
| जानेवारी | ० | ५ |
| फेब्रुवारी | ० | ५ |
| मार्च | ५ | ५ |
| एप्रिल | १० | १० |
| मे | २५ | ३० |
| जून | १५० | ११५ |
| जुलै | १८० | १२५ |
| ऑगस्ट | १३५ | १३० |
| सप्टेंबर | १४५ | १८० |
| ऑक्टोबर | ८० | ९० |
| नोव्हेंबर | २० | २० |
| डिसेंबर | ५ | ५ |
| एकूण | ७५५ | ७२० |

रिकाम्या सेलवर टॅप करा, बरोबरचं चिन्ह टाका आणि ‘ॲव्हरेज’ फंक्शन निवडा. फंक्शनची स्पेलिंग आठवत नसेल तर ‘एफएक्स’ बटणावर टॅप केल्यावर यादी येते. त्यात सांख्यिकीचा वेगळा गट आहे.

पुण्याचा मध्य येतो ७५५ ÷ १२ = सुमारे ६३ मिमी. सोलापूरचा ६०.

आता तक्त्याकडे परत बघा. पुण्यात ६३ मिमीच्या जवळपास पाऊस पडणारा महिना कुठला? एकही नाही. ऑक्टोबर ८० वर आहे, मे २५ वर. मधे कुणीच नाही. म्हणजे ‘पुण्यात महिन्याला सरासरी ६३ मिमी पाऊस पडतो’ हे वाक्य गणिताने बरोबर आणि व्यवहारात निरुपयोगी आहे. त्यावर विसंबून कुणी जानेवारीत छत्री घेऊन फिरेल आणि जुलैत भिजेल.

## पायरी २: मध्यक काय सांगतो?

आता तेच १२ आकडे चढत्या क्रमाने लावा: ०, ०, ५, ५, १०, २०, २५, ८०, १३५, १४५, १५०, १८०. मधले दोन आकडे २० आणि २५. त्यांची सरासरी २२.५. हा झाला मध्यक.

मध्य ६३, मध्यक २२.५. दोघांत जवळपास तिपटीचा फरक! सगळ्या महिन्यांत सारखाच पाऊस पडत असता तर दोन्ही आकडे जवळ आले असते. लंडनसारख्या शहरात ते खरंच जवळ येतात, कारण तिथे बाराही महिने थोडा थोडा पाऊस असतो.

म्हणजे मध्य आणि मध्यक यांच्यातलं अंतर हीच एक माहिती आहे. ते मोठं असेल तर समजायचं, पाऊस मोजक्या महिन्यांत दाटलेला आहे. मान्सूनची सही ती हीच.

## पायरी ३: टक्केवारी

पुण्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा पाऊस ६१० मिमी. ६१० ला ७५५ ने भागून १०० ने गुणा: जवळपास ८१ टक्के. सोलापूरचे हेच चार महिने ५५० मिमी, म्हणजे सुमारे ७६ टक्के.

आकडे जवळचे आहेत, पण आतली रचना वेगळी आहे. पुण्याचा सगळ्यात ओला महिना जुलै, सोलापूरचा सप्टेंबर. जुलैत अरबी समुद्रावरून येणारे वारे जोरात असतात. ते सह्याद्रीवर बरसतात, त्यातला उरलासुरला वाटा पुण्यापर्यंत पोचतो. सोलापूर आणखी आत आहे. तिथे परतीच्या काळातला, दुपारनंतर ढग जमून गडगडाटासह येणारा पाऊस जास्त महत्त्वाचा. म्हणून तर त्या भागात रब्बीची ज्वारी महत्त्वाची: सप्टेंबरच्या ओलीवर पेरायची आणि थंडीत वाढवायची.

बहुलक आठवतोय? पावसाच्या आकड्यांना बहुलक फारसा कामाचा नाही. पण ‘सगळ्यात ओला महिना कोणता’ हा प्रश्न ३० वर्षांसाठी विचारला आणि कुठला महिना सर्वाधिक वेळा आला ते मोजलं, तर तिथे बहुलक चपखल बसतो.

## पायरी ४: कोरडेपणाची रेषा

आता मुख्य भाग. हवामान प्रदेश ठरवण्याची जगात सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत व्लादिमीर कोपेन या शास्त्रज्ञाची. त्याने ती १८८४ मध्ये पहिल्यांदा मांडली आणि पुढे अनेक वर्षं सुधारत नेली. कोपेन मुळात वनस्पतींचा अभ्यासक होता. त्याचा विचार सरळ होता: झाडं रोजच्या रोज हवा मोजत असतात, तेव्हा झाडांना काय परवडतं यावरून प्रदेश ठरवू.

झाडाला किती पाऊस पुरेसा, हे तापमानावर अवलंबून असतं. थंड ठिकाणी ५०० मिमी भरपूर होतो, गरम ठिकाणी तोच पाऊस उडून जातो. म्हणून ‘कोरडं’ म्हणजे अमुक मिमीपेक्षा कमी, असा एकच आकडा नसतो. प्रत्येक गावाची रेषा वेगळी. ती काढायचं आजचं सूत्र असं:

वर्षाचं सरासरी तापमान (अंश सेल्सिअस) × २० + २८० = रेषा (मिमी)

(हे २८० कधी मिळवायचे? वर्षातला ७० टक्के किंवा जास्त पाऊस एप्रिल ते सप्टेंबर या उन्हाळी अर्ध्यात पडत असेल तेव्हा. पुण्यात या सहा महिन्यांत ६४५ मिमी, म्हणजे ८५ टक्के पडतो. सोलापूरला ५९० मिमी, म्हणजे ८२ टक्के. दोघंही बसतात.)

- पाऊस रेषेच्या वर असेल: प्रदेश ‘कोरडा’ नाही.
- रेषेच्या खाली, पण निम्म्याहून जास्त: निमशुष्क.
- रेषेच्या निम्म्याहूनही कमी: वाळवंटी.

पुणे: सरासरी तापमान सुमारे २५ अंश. २५ × २० + २८० = ७८०. पाऊस ७५५. रेषेच्या खाली, फक्त २५ मिमीने.

सोलापूर: सरासरी तापमान सुमारे २७.५ अंश. २७.५ × २० + २८० = ८३०. पाऊस ७२०. रेषेच्या खाली, ११० मिमीने.

मिळालं उत्तर! कोपेनच्या हिशेबात दोन्ही शहरं उष्ण निमशुष्क प्रदेशात येतात. पण सोलापूर त्या प्रदेशाच्या बऱ्यापैकी आत आहे आणि पुणं अगदी उंबरठ्यावर. पावसातला फरक जेमतेम ३५ मिमी. बाकीचा फरक उन्हाने पाडला: सोलापूर सरासरी अडीच अंशाने गरम, म्हणून त्याची रेषाच ५० मिमीने वर सरकली.

पुण्याने ती रेषा ओलांडली असती तर? सगळ्यात थंड महिन्याचं सरासरी तापमानही पुण्यात १८ अंशांच्या वर असतं, त्यामुळे शिक्का पडला असता ‘उष्णकटिबंधीय, कोरडा हिवाळा’. नकाशात वेगळा रंग, पुस्तकात वेगळा धडा.

## २५ मिमी म्हणजे किती?

२५ मिमी म्हणजे पुण्यातला एका संध्याकाळचा दणकून पाऊस. २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंत २४ तासांत शिवाजीनगरला सुमारे ११४ मिमी पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत मुठेचं पाणी घरांत शिरलं होतं. वर्षाच्या सरासरीचे १५ टक्के एका दिवसात!

मग अशा एका दिवसाने पुणं रेषेपलीकडे जाईल? हिशेब करा. सरासरी ३० वर्षांची आहे. ११४ ला ३० ने भागा: ३.८ मिमी. एवढीच सरासरी हलेल. ती २५ मिमीने हलवायची तर ३० वर्षांत मिळून २५ × ३० = ७५० मिमी जादा पाऊस हवा. म्हणजे पुण्याचं जवळपास एक अख्खं वर्ष जास्तीचं!

दीर्घ सरासरी अशी काम करते. ज्या दिवशी माणसांची घरं बुडाली, तो दिवस तिच्यात दिसतच नाही. हवामान प्रदेश ठरवायला हे बरंच आहे, पूर ओळखायला मात्र ती सरासरी बिनकामाची.

दुसरी बाजूही बघा. तापमान एक अंशाने वाढलं तर रेषा २० मिमीने वर जाते. म्हणजे पाऊस एक थेंबही कमी न होता एखादं गाव जास्त ‘कोरडं’ ठरू शकतं. तापमानवाढीचा परिणाम वर्गात समजावायला यापेक्षा सोपं उदाहरण सापडणार नाही.

## पायरी ५: पाऊस किती भरवशाचा?

सरासरी सारखी असली तरी भरवसा सारखा नसतो. समजा दोन गावं आहेत आणि पाच वर्षांचा पाऊस असा आहे (आकडे उदाहरणासाठी):

- गाव अ: ६८०, ७२०, ७००, ७४०, ६६०
- गाव ब: ३५०, १,१००, ५००, १,०००, ५५०

दोघांचा मध्य ७००. पण ‘ब’ गावातल्या शेतकऱ्याला विचारा, ७०० मिमी त्याने कधी बघितला? पाचपैकी तीन वर्षं तो साडेपाचशे किंवा त्याहून कमी पावसात होता.

हा लहरीपणा मोजायचं माप म्हणजे प्रमाण विचलन. प्रत्येक वर्ष मध्यापासून किती लांब आहे ते काढा, त्याचा वर्ग करा, वर्गांची सरासरी घ्या आणि शेवटी वर्गमूळ. ‘अ’चं येतं २८ मिमी, ‘ब’चं २९५ मिमी. मध्याच्या टक्केवारीत मांडलं तर ४ टक्के आणि ४२ टक्के.

इथे एक खाचखळगा आहे. शीट्समधलं नेहमीचं ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’ फंक्शन ५ ने न भागता एक कमी करून ४ ने भागतं. त्यामुळे मोबाइलवर उत्तर ३२ आणि ३३० दिसेल. घाबरू नका, तुमचं चुकलेलं नाही. हाताशी असलेली पाच वर्षं हा मोठ्या काळाचा नमुना आहे, असं मानलं की असंच भागतात.

आपल्याकडे एक नियम बहुतेक ठिकाणी दिसतो: जिथे पाऊस कमी, तिथे तो लहरीही जास्त. कोकणात आणि घाटमाथ्यावर टक्केवारीतलं विचलन कमी असतं, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात जास्त. म्हणजे ज्याला पाऊस कमी, त्यालाच त्याचा भरवसाही कमी.

## जिल्ह्याची सरासरी: सगळ्यात मोठी फसगत

बातमीत येतं, ‘जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस’. पुणे जिल्ह्यात हे वाक्य जपून वाचायला हवं. पश्चिमेला मावळ-मुळशीच्या घाटमाथ्यावर वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस. पूर्वेला दौंड-बारामतीकडे ५०० च्या आसपास. समजा ४,००० आणि ५०० अशा दोनच जागा घेतल्या, तर सरासरी आली २,२५०. त्या दोन्हींपैकी कुठेच इतका पाऊस पडत नाही.

घाटात धो धो कोसळला की जिल्ह्याची सरासरी भरते. त्याच वेळी पूर्वेकडच्या एखाद्या गावात टँकर चालू असू शकतो. सरासरी खोटी नाही. चुकीच्या तुकड्यावर काढलेली आहे.

टक्केवारीचंही तसंच. हवामान विभाग जिल्ह्याच्या पावसात सरासरीपेक्षा १९ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त झालं तरी ‘सरासरीइतका’ म्हणतो. २० ते ५९ टक्के कमी पडला की ‘तूट’. आता २५ टक्के तूट दोन्हीकडे लावून बघा. घाटात ४,००० चे ३,००० होतील, भात बहुधा निभावेल. पूर्वेला ५०० चे ३७५ होतील. तिथे बाजरीचंही अवघड. शब्द एकच, ‘तूट’. परिणाम जमीन-अस्मानाचा.

आणि पुणे शहराचं काय? शहराला पाणी देणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणं ज्या पावसाने भरतात, तो शिवाजीनगरचा पाऊस नाही. तो पश्चिमेकडच्या डोंगरांतला. म्हणजे पुणेकर राहतात एका हवामान प्रदेशात आणि पाणी पितात दुसऱ्यातलं! शिवाजीनगरची सरासरी बघून धरणाचा अंदाज बांधू नये, तो यासाठी.

## वर्गात कसं शिकवायचं?

शिक्षकांसाठी एका तासिकेचा आराखडा:

1. गट पाडा. प्रत्येक गटाला एक ठिकाण द्या: रत्नागिरी, महाबळेश्वर, पुणे, सोलापूर, नागपूर. गटात एक मोबाइल पुरतो.
2. नाव लपवा. गटांना फक्त १२ महिन्यांचा पाऊस आणि तापमान द्या, ठिकाणाचं नाव नको.
3. चार आकडे काढायला सांगा: वर्षाचा पाऊस, मध्य आणि मध्यकातलं अंतर, जून ते सप्टेंबरची टक्केवारी, कोपेनची रेषा.
4. आलेख काढा. पावसाचे स्तंभ, तापमानाची रेषा. शीट्समध्ये यासाठी ‘कॉम्बो चार्ट’ आहे.
5. ठिकाण ओळखा. फक्त उत्तर नको, कारण आकड्यात सांगायचं. ‘जुलैत खूप पाऊस आहे म्हणून कोकण’ असं नाही. ‘वर्षाचा पाऊस रेषेच्या चौपट आहे म्हणून’ असं.
6. शेवटचा प्रश्न: पुण्याला कुठला रंग द्यायचा? वर्गात मतं घ्या. वाद होईल. होऊ द्या.

हा वाद महत्त्वाचा, कारण त्यातून मुलांना कळतं की नकाशावरची रेषा ही भिंत नसते. रेषेच्या अलीकडे २५ मिमी आणि पलीकडे २५ मिमी, यात झाडांना फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो नकाशाच्या रंगाला.

## नेहमीच्या चुका

- एकाच वर्षाचा पाऊस घेऊन प्रदेश ठरवणं. कोपेनचं सूत्र दीर्घ सरासरीसाठी आहे.
- वेगवेगळ्या काळाचे आकडे एकत्र करणं. पुण्यासाठी ७२२ मिमी हा जुना आकडा अजून खूप ठिकाणी छापलेला सापडतो. एका शहराला जुना आणि दुसऱ्याला नवा आकडा लावला तर तुलना फसते.
- सेंटीमीटर आणि मिलिमीटरचा घोळ. देशाच्या मान्सूनची सरासरी ८७ सेंमी सांगतात, म्हणजे ८७० मिमी. शिवाय हा आकडा फक्त जून ते सप्टेंबरचा आहे, वर्षाचा नाही.
- रिकामा सेल आणि शून्य एकच समजणं. पाऊस पडला नाही तर शून्य भरा. शीट्स रिकामा सेल मोजतच नाही, त्यामुळे मध्य फुगतो. उलट, नोंदच नसेल तर शून्य भरू नका.

## काही प्रश्न

मग पुण्याचं हवामान परीक्षेत काय लिहायचं?
पुस्तकात जे वर्गीकरण दिलं असेल ते. आपल्या पुस्तकांत अनेकदा ‘मान्सून प्रकारचं हवामान’ आणि ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ असं असतं. ते चूक नाही, ती वेगळी पद्धत आहे. प्रोजेक्टमध्ये मात्र कोणती पद्धत वापरली ते लिहा.

माझ्या गावात वेधशाळा नाही. काय करू?
महसूल मंडळाचा पाऊस महारेनवर बघा. तापमानासाठी जवळच्या वेधशाळेचा आकडा घ्या आणि तसं नमूद करा. गाव डोंगरावर असेल तर जवळची वेधशाळाही फसवू शकते.

३० वर्षांचे आकडे मिळाले नाहीत तर?
आहेत तेवढे घ्या, पण वर्षं किती ते स्पष्ट लिहा आणि प्रमाण विचलन सोबत द्या. १० वर्षांवरून प्रदेशाचा शिक्का मारू नका.

आता तुमची पाळी. शीट्स उघडा, तुमच्या गावाचा वर्षाचा पाऊस आणि सरासरी तापमान टाका, रेषा काढा. मग घरातल्या आजोबांना किंवा शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, आपलं गाव कोरडं की ओलं? त्यांचं उत्तर आणि तुमचा आकडा जुळला नाही, तर आधी आकडा कुठल्या ठिकाणचा आणि कुठल्या वर्षांचा होता ते तपासा.